लेबल नसलेल्या बँडची पहिली वर्षं: कशापासून सुरुवात करायची आणि कशाची घाई करायची नाही

पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, कुठेही चार-पाच जण मिळून, पाठीशी लेबल म्हणजे संगीत कंपनी नसताना, मराठीत स्वतःची गाणी करायला बसले की आठवड्याभरात प्रश्न येतो, 'पहिलं गाणं यूट्यूबवर कधी टाकायचं?' माझं मत विचाराल तर एवढ्यात नाही. आधी 40 मिनिटं तयार करा. स्वतःची आठ-नऊ गाणी, सलग, कसल्याही साउंडवर, मध्येच गिटारची तार तुटली तरी न थांबता वाजवता येतील अशी 40 मिनिटं. कॉलेज फेस्टिव्हल असो, कॅफे असो किंवा मोठ्या बँडच्या आधीचा स्लॉट, नवख्यांना साधारण अर्धा ते पाऊण तास मिळतो. तो भरून काढता येत नसेल तर गाण्याला मिळालेले व्ह्यूज घेऊन करायचं काय?

याला किती वेळ लागतो? 'द लोकल ट्रेन' हा हिंदी रॉक बँड 2008 मध्ये चंदीगडला सुरू झाला आणि त्यांचा पहिला अल्बम आला 2015 मध्ये. तुम्हाला सात वर्षं लागतीलच असं नाही, पण सात महिन्यांत काही झालं नाही म्हणून बँड मोडू नका.

पायरी पहिली: माणसं

उत्तम वाजवणारा डोंबिवलीला आणि बाकीचे अंधेरीला, अशी जोडणी फार दिवस चालत नाही. ड्रमर झांजांची बॅग आणि पेडल घेऊन दादरला गाडी बदलतोय, हे दृश्य पहिल्या महिन्यात मजेशीर वाटतं. तिसऱ्या महिन्यात त्याला 'ऑफिसमध्ये काम आहे' असं व्हायला लागतं. त्यामुळे थोडा कमी तयारीचा पण जवळ राहणारा, आठवड्यातून दोन संध्याकाळी नक्की येणारा माणूस घ्या. तयारी वाढते, अंतर कमी होत नाही.

पुण्यात असाल तर फिरोदिया करंडकाच्या संघांकडे लक्ष ठेवा. नाटक, गाणं, चित्र असं सगळं एका मंचावर कोंबणाऱ्या त्या स्पर्धेतून आलेल्या पोरांना रात्री बारापर्यंत तालीम करायची, कमी जागेत वाजवायची आणि ऐनवेळी बदल पचवायची सवय झालेली असते. मुंबईत कॉलेजच्या फेस्टिव्हलमधल्या बँड स्पर्धा बघायला जा. जिंकलेल्यांकडे सगळेच जातात, तुम्ही हरलेल्यांमधला बास गिटारवाला गाठा.

पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी उघड बोला. आठवड्यातून किती वेळ देणार, महिन्याला किती पैसे घालणार आणि दोन वर्षांत परगावी शिक्षण-नोकरी-लग्न यातलं काही दिसतंय का. शेवटचा प्रश्न विचारायला अवघड जातं, पण अल्बमच्या मध्यावर उत्तर कळण्यापेक्षा बरं.

नाव ठरवताना ते स्पॉटिफाय, यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर शोधून बघा. ट्रेडमार्कची सरकारी साइटही फुकट शोधता येते. मनोरंजनाच्या सेवा वर्ग 41 मध्ये येतात. रोमन लिपीतलं स्पेलिंग एकच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा, कारण मराठी गाणं शोधणारी बरीच माणसं रोमनमध्येच टाइप करतात.

पायरी दुसरी: तालीम, आणि पट्टीचं भांडण

घरी ड्रम वाजवून तालीम करायचा विचार सोडा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. ड्रमकिट सहज 100 च्या वर जातो. सोसायटीचे सेक्रेटरी काका नियम न वाचताही वर येतील. घरी काहोन (हातानं वाजवायचं खोकं) किंवा हेडफोनवरचा इलेक्ट्रॉनिक किट वापरा आणि दर आठवड्याला एकदा तासाच्या भाड्याची जॅम रूम घ्या.

जॅम रूमचं मीटर चालू असतं, म्हणून तिथे गाणं 'शिकायचं' नाही. कॉर्ड, शब्द, ठेका हे प्रत्येकानं घरून पाठ करून यायचं. तिथे फक्त एकत्र बसवायचं. दोन तासांतली पहिली 20 मिनिटं लावालावीत जातात हे धरूनच चला. नंतर अडलेल्या जागा घ्या, म्हणजे मुखड्यावरून अंतऱ्यावर जातानाचा रोल, शेवटची तिहाई, कोरसची एंट्री. शेवटचा अर्धा तास सगळी गाणी न थांबता वाजवा. चुकलं तरी थांबायचं नाही. चुकून पुढे जाणं हाही सरावाचाच भाग आहे. मोबाइल खोलीच्या मध्यभागी ठेवून सगळं रेकॉर्ड करा आणि त्याच रात्री ऐका. मोबाइलवर गायक ऐकू येत नसेल तर गिटारवाल्याचा ॲम्प मोठा आहे, चर्चा संपली.

आता पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा' कुठल्या सुरावर धरायचा ते. मराठी बँडमध्ये निम्मे लोक हार्मोनियमच्या भाषेत बोलतात आणि निम्मे गिटारच्या. गायिका म्हणते 'माझी काळी पाच', गिटारवाला म्हणतो 'म्हणजे?' हा तक्ता भिंतीवर लावा: काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. पांढरी एक म्हणजे सी. काळ्या पट्ट्यांना गिटारवर उघड्या तारांचे कॉर्ड मिळत नाहीत, तिथे कॅपो, म्हणजे गिटारच्या दांडीवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, कामाला येतो. काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर (घरात) कॅपो लावून सीचे आकार धरा. काळी दोनसाठी तिसऱ्यावर सीचे किंवा पहिल्यावर डीचे. काळी पाचसाठी तिसऱ्यावर जीचे.

पुरुष गायक सहसा काळी एक-दोनच्या आसपास सुखात असतात, बायका काळी चार-पाचच्या. एकच गाणं दोघांनी गायचं असेल तर कुणाच्या तरी गळ्यावर अन्याय होतोच. मुखडा एकाच्या सोयीनं आणि अंतऱ्याची चाल दुसऱ्याच्या सोयीनं बांधली तर बराचसा टळतो. गाणं बसल्यावर पट्टी बदलण्याऐवजी चाल लावतानाच गाणाऱ्याला समोर बसवा.

तबला असेल तर आणखी एक गाठ. दायां (उजव्या हाताचा तबला) एका सुरात लावलेला असतो आणि हातोडीनं थोडाफारच वरखाली होतो. काळी एकनंतर लगेच काळी चारचं गाणं ठेवलंत तर तबलजीला दुसरा दायां उचलावा लागेल किंवा तुम्हाला निवेदनात वेळ काढावा लागेल. म्हणून गाण्यांचा क्रम मूडबरोबर पट्टीही बघून ठरवा. पावसाळ्यात दमट हवेनं पुडी (तबल्यावरचं चामडं) सैल होऊन सूर उतरतो, त्यामुळे जुलैमध्ये तबलजी दर दोन गाण्यांनी ठोकाठोकी करताना दिसला तर त्याच्याकडे रागानं बघू नका.

पायरी तिसरी: गाणी कुणाची

कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवून हात बसतो, ओळखही होते. पण सेटमध्ये कव्हर दोनच्या वर नको. लोकांना जुनं भावगीत आवडलं तर टाळ्या त्या भावगीताला मिळतात. शिवाय ते रेकॉर्ड करून टाकायचं तर परवानगीचा प्रश्न येतो. यूट्यूबवर हक्कदाराच्या यंत्रणेनं गाणं ओळखलं की जाहिरातीचं उत्पन्न त्याच्याकडे वळू शकतं किंवा व्हिडिओ अडवला जाऊ शकतो.

शब्दांची टंचाई असेल तर जुन्या कवींकडे जा. भारतात लेखकाचा कॉपीराइट त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं असतो. बालकवी 1918 मध्ये गेले, भा. रा. तांबे 1941 मध्ये. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या कवितांना तुम्ही बिनधास्त चाल लावू शकता. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, तिथे परवानगी लागेल. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे, पण ती रेडिओवर ऐकत आलेली चाल कुठल्या तरी संगीतकाराची असते. शब्द घ्या, चाल स्वतःची लावा. बँडचा खरा कस तिथेच लागतो.

स्वतः लिहीत असाल तर ओळ गाऊन बघण्याआधी नुसती बोलून बघा. ऱ्हस्व अक्षरावर चार मात्रा ताणल्या की मराठी कानाला लगेच खटकतं आणि मग 'हिंदी चालीवर मराठी शब्द बसवलेत' असा शेरा येतो. तो शेरा बहुतेक वेळा खरा असतो.

पायरी चौथी: एक कागद, जो कुणालाच नको असतो

प्रत्येक गाणं बसल्यावर, ते गाजण्याच्या आत, एका पानावर लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्के किती, तारीख, सगळ्यांच्या सह्या. मैत्रीत कागद कशाला, असं कुणी तरी म्हणणारच. त्यालाच आधी सही करायला लावा.

कायद्यानं शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या कलाकृती आहेत. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा आणि रेकॉर्डिंगचा निर्मात्याचा, म्हणजे ज्यानं पुढाकार घेऊन ते करवून घेतलं त्याचा. खर्च पाच जणांनी केला आणि स्टुडिओचं बिल मात्र एकाच्या नावावर, अशा वेळी निर्माता कोण यावर वाद होतात. म्हणून 'रेकॉर्डिंग बँडचं, पाचही जणांचं समान' किंवा जे काही ठरलं असेल ते लिहून ठेवा. ड्रमरनं दिलेला ठेका किंवा बासची ओळ ही चाल की संयोजन, यावर भांडणं जागतिक दर्जाच्या बँडमध्येही झाली आहेत. अनेक बँड सरळ ठरवतात की शब्द ज्याचे त्याचे, संगीत सगळ्यांचं समान. माझं मतही हेच. दोन टक्क्यांचा हिशेब करत बसण्यात तालीम वाया जाते.

बँड सोडून जाणाऱ्याचं काय, तेही त्याच कागदावर. त्याची जुन्या गाण्यांची रॉयल्टी चालू राहते, नाव बँडकडे राहतं, इन्स्टाग्राम आणि ईमेलचे पासवर्ड बँडमधल्या दोघांकडे असतात. एवढं पुरे. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही. हक्क निर्मितीबरोबरच तयार होतो. गाणी रेडिओवर, कार्यक्रमांत वाजायला लागली की गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं. 1969 पासूनची ही संस्था शब्द आणि संगीताची रॉयल्टी गोळा करून वाटते.

पायरी पाचवी: मंचावर

आयोजकाला 'आम्ही पाच जण आहोत' एवढंच कळवलंत तर तुम्हाला दोन माइक आणि लग्नाच्या हॉलमधला मिक्सर मिळेल. चॅनेलची, म्हणजे मिक्सरला लागणाऱ्या प्रत्येक माइक-वायरीची, यादी पाठवा. समजा ड्रम, बास, दोन गिटार, कीबोर्ड, तबला आणि दोन आवाज असा तुमचा संच आहे आणि तिघं दोन-दोन कामं करताहेत. किकला एक, स्नेअरला एक, वरून दोन, असे ड्रमचे चार. बास डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डब्यातून) एक, अकूस्टिक गिटार एक, इलेक्ट्रिकच्या ॲम्पसमोर एक. कीबोर्डचे डावा-उजवा दोन, तबल्याचे दोन, गायकांचे दोन. झाले 13. साउंडवाल्याकडे 12 चॅनेलचा मिक्सर आहे हे तिथे जाऊन कळण्यापेक्षा आधीच ठरवा की वरचा एक माइक काढू, कीबोर्ड एकाच वायरीवर घेऊ. 11 मध्ये बसलं. खाली कोण कुठे उभा राहणार याचं हातानं काढलेलं चित्र जोडा. एवढ्यानं साउंडवाला तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागतो.

स्वतःच्या पिशवीत एक्स्टेंशन बोर्ड, जादा तारा, 9 व्होल्टची बॅटरी, दोन-तीन वायरी, काळी टेप आणि टेस्टर ठेवा. टेस्टर विनोद म्हणून सांगत नाही. मंडपात जनरेटरवर अर्थिंग धड नसेल तर हातात गिटार आणि ओठाला माइक लागला की झटका बसतो. माइकच्या जाळीला आणि गिटारच्या तारांना टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वाजवायचं नाही, मंडळाचे अध्यक्ष कितीही घाई करोत.

साउंड चेकमध्ये प्रत्येकानं आपलं वाजवून झालं की हात खाली ठेवायचे. एक जण साउंडवाल्याशी बोलणार, बाकीचे गप्प. माइक शिट्टी मारत असेल तर मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) माइकच्या पाठीमागच्या बाजूला येतोय का ते बघा आणि गायकाला माइकचं डोकं मुठीत धरू देऊ नका. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ॲम्प वाढवायचा नाही. एकानं वाढवला की सगळे वाढवतात आणि शब्द बुडतात. आणि मराठी श्रोता शब्दच ऐकायला आलेला असतो.

उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर रात्री 10 ला लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, गणेशोत्सव-नवरात्रातले काही दिवस त्यातच जातात. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे 100 मीटर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. धोबीतलावचं रंगभवन मुंबईच्या रॉक मैफिलींचं घर होतं, तिथले आवाज याच नियमामुळे थांबले. तुमचा स्लॉट साडेनवाचा असेल आणि आधीचे सत्कार लांबले, तर 40 मिनिटांतली कुठली 20 वाजवायची हे आधीच ठरलेलं असावं. सत्कार लांबतातच.

पायरी सहावी: रेकॉर्डिंग आणि रिलीज

40 मिनिटं जमली की त्यातली, लोक दुसऱ्यांदा ऐकताना ओळखतात अशी दोन-तीन गाणी निवडा. स्टुडिओत पैसे घालायचे ते ड्रमवर आणि मिक्सिंगवर. क्लिकवर (ठेक्याच्या टिकटिकीवर) गाईड ट्रॅक, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, घरीच करा, बास आणि कीबोर्ड घरीच रेकॉर्ड करा, आवाजही कपाटातल्या चादरी लटकवून घरी चांगला निघतो. काम संपल्यावर स्टुडिओकडून प्रत्येक वाद्याची वेगळी 24 बिट वेव्ह फाइल आणि गायकाशिवायचा मिक्स मागून घ्या. तीन वर्षांनी टीव्हीवर वाजवायची वेळ आली की त्याच फाइली शोधाल.

रिलीजसाठी डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी सेवा, लागतो. काही वार्षिक फी घेतात, काही उत्पन्नातला वाटा. वार्षिक फीवाल्यांच्या अटींत फी थांबल्यावर गाणं खाली उतरतं का, ते वाचा. गाण्याच्या रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा 12 अक्षरी आयएसआरसी क्रमांक तेच देतात. डिस्ट्रिब्यूटर बदललात तर तोच क्रमांक पुढे न्या, नाहीतर जुने आकडे शून्यावर येऊ शकतात. तारखेच्या चारेक आठवडे आधी गाणं चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर निदान सात दिवस आधी ते तिथे पोचलेलं असावं लागतं.

पैशांची अपेक्षा इथून ठेवू नका. स्पॉटिफायवर 12 महिन्यांत 1000 पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला 1000 सबस्क्राइबर आणि वर्षात 4000 तासांचं पाहणं लागतं (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज). रील्सबद्दल सगळ्यांकडे सल्ला आहे, माझ्याकडे एकच: तालमीतला न सजवलेला व्हिडिओ टाका, चाललं तर चाललं.

पायरी सातवी: मानधन आणि वर्षाचं गणित

एकाकडे हिशेब, दुसऱ्याकडे तपासणी. समजा 60,000 मानधन ठरलं. आयोजकानं 10 टक्के टीडीएस (आधीच कापायचा आयकर) कापला तर हातात 54,000 येतात. गाडी-जेवणाचे 9,000 गेले, 15,000 बँडच्या फंडात टाकले, उरलेले 30,000 पाच जणांत, माणशी 6,000. करापोटी कापलेले 6,000 ज्याच्या पॅनवर गेले त्याच्याच आयकराच्या नोंदीत दिसतील. परतावा आला की त्यानं ते फंडात भरायचे, हेही लिहून ठेवा. निम्मा इसार आल्याशिवाय तारीख पक्की धरू नका. तमाशा आणि ऑर्केस्ट्रावाल्यांची सुपारीची (आगाऊ पैसे घेऊन तारीख देण्याची) रीत याबाबतीत तुमच्या-माझ्यापेक्षा शहाणी आहे. 'एक्स्पोजर मिळेल' म्हणणाऱ्यांकडे पहिल्या वर्षी निवडक वेळा जायला हरकत नाही, पण प्रवास आणि साउंडचा खर्च त्यांचा.

वर्ष साधारण असं जातं: जून-जुलै कोरडे, म्हणजे गाणी लिहायचे दिवस. मग गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट. डिसेंबर ते फेब्रुवारी कॉलेजं, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, मग पाडव्याच्या शोभायात्रा, 1 मे. दिवाळी पहाटेचा श्रोता नाट्यगीत-भावगीताच्या तयारीनं आलेला असतो. पहाटे सहाला गिटारला डिस्टॉर्शन (खरखरीत आवाजाचा इफेक्ट) लावू नका, पण तुमची दोन शांत गाणी तिथे मस्त जातात. स्वतःचा पहिला तिकीट लावलेला कार्यक्रम पुण्यात सुदर्शन रंगमंच किंवा ज्योत्स्ना भोळे सभागृहासारख्या छोट्या जागी करा. बालगंधर्वच्या अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवण्यापेक्षा छोटा हॉल भरलेला बरा, फोटोही चांगले येतात.

आणि एखाद्या लेबलचा फोन आला तर

खुश व्हा, पण फोनवर हो म्हणू नका. करार मागवा, वकिलाला दाखवा आणि स्वतःही वाचा. हक्क दिले जाताहेत ते एका गाण्याचे की पुढच्या सगळ्या गाण्यांचे? शब्द-संगीताचेही की फक्त रेकॉर्डिंगचे? कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतर लेखी लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून लेबलचे वकील 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' हे शब्द न विसरता घालतात. ते खोडून आकडा मागा. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीच्या आपल्या वाट्यावर पाणी सोडायला लावता येत नाही, तसं कलम कुणी घातलं असेल तर त्या कंपनीबद्दल आणखी चौकशी करा. हिशेब किती महिन्यांनी देणार, खर्च आधी कुणाच्या वाट्यातून वळता करणार आणि तुमचे लाइव्ह कार्यक्रम त्यात येतात का, हे तीन प्रश्न ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तरही लेखी येईल. आज संध्याकाळपर्यंत सही हवी म्हणणाऱ्याला सांगा, आमची आज तालीम आहे.